फाउंड्री, गूळ आणि पायताण: सिमँटिक वेबचा धंद्यात उपयोग नेमका कुठे होतो?

प्रश्न: मी कोल्हापुरात एमसीए पूर्ण केलं. अभ्यासात सिमँटिक वेब, म्हणजे वेबवरची माहिती यंत्रांना अर्थासकट वाचता यावी यासाठीचं तंत्र शिकलो: आरडीएफ (माहिती लिहायची पद्धत), ऑन्टॉलॉजी (वस्तूंचे वर्ग आणि संबंध यांची मांडणी), स्पार्कल (अशा माहितीला प्रश्न विचारायची भाषा). मामांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे आणि मित्राचं गूळ, मसाले, चपला विकणारं ऑनलाइन दुकान आहे. दोघंही विचारतात, याचा आम्हाला उपयोग काय? आता चॅटबॉट आल्यावर हे सगळं जुनं झालं, असंही बरेच जण म्हणतात. खरंच काही उपयोग उरला आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

उपयोग आहे, आणि तो मित्राच्या दुकानापेक्षा मामांच्या फाउंड्रीत जास्त आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण सिमँटिक वेब म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वेबसाइट आणि गूगलमधला क्रमांक येतो. मी बरीच वर्षं शोधयंत्रणा आणि कॅटलॉगची कामं करतो. बहुतेक गिऱ्हाइकं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी याच पट्ट्यातली आहेत. या कामातून माझी कसोटी एकच ठरली आहे. एकाच वस्तूला चार ठिकाणी चार नावं आहेत का? आणि चुकीची वस्तू उचलली, किंवा घरात असलेली वस्तू सापडली नाही, तर रोख पैसे जातात का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तिथे या तंत्रज्ञानाचा खर्च वसूल होतो. नाहीतर साधा डेटाबेस आणि नीट भरलेली एक्सेल शीट पुरते. तिथे ऑन्टॉलॉजी विकायला जाऊ नका.

तुम्ही अभ्यासात जे शिकलात त्याचं पुढे काय झालं, तेवढं आधी पाहू. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख लिहून ही कल्पना लोकांपुढे मांडली. वेबवरची माहिती यंत्रांना अर्थासकट वाचता यावी आणि सॉफ्टवेअरने आपल्या वतीने डॉक्टरची वेळसुद्धा ठरवावी, इतकं मोठं ते स्वप्न होतं. आरडीएफचं मानक १९९९ मध्येच आलं होतं, मग २००४ मध्ये आउल (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) आणि २००८ मध्ये स्पार्कल आलं. पण सगळ्या जगाने आपापल्या पानांवर आपणहून अर्थ लिहून ठेवावा, ही अपेक्षा पुरी झाली नाही. दुकानदाराला त्यातून काही मिळत नव्हतं, मग तो कशाला लिहील?

जेव्हा मिळायला लागलं तेव्हा लोकांनी लिहिलं. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केलं. त्याच वर्षी यांडेक्सही त्यात आलं. पानावर वस्तूची किंमत, साठा, दुकानाची वेळ ठरलेल्या शब्दांत लिहा, आम्ही ती शोधनिकालात दाखवू, असा तो सरळ व्यवहार होता. दुसरीकडे गूगलने २०१० मध्ये मेटावेब ही कंपनी तिच्या फ्रीबेस या माहितीसंग्रहासह विकत घेतली आणि मे २०१२ मध्ये नॉलेज ग्राफ आणला. 'राधानगरी' असं शोधलं तर धरण, तालुका आणि अभयारण्य या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचा एकमेकांशी अमुक संबंध आहे, हे यंत्राला ठाऊक असणं म्हणजे हा ग्राफ. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या घरचा यंत्राला वाचता येणारा माहितीसंग्रह, सुरू झाला. तो सगळ्यांना खुला आहे, आणि तुमच्या कामात तो रोज लागेल.

मोठ्या संस्थांमधलं एक उदाहरण मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, ते बीबीसीचं. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी त्यांनी प्रत्येक संघ, गट आणि खेळाडू यांची मिळून ७०० हून अधिक पानं चालवली. एवढी पानं हाताने सजवत बसायला कुठलंच संपादकीय खातं पुरणार नाही. तिथे पत्रकार बातमी लिहायचा आणि ती कोणत्या खेळाडूची, कोणत्या सामन्याची, एवढं चिन्हांकित करायचा. खेळाडू कोणत्या संघात, संघ कोणत्या गटात, हे ग्राफला आधीच माहीत होतं, त्यामुळे बातमी योग्य त्या सगळ्या पानांवर आपोआप जायची. यात वाचलेले पैसे मजुरीचे होते. गिऱ्हाइकाला हे चटकन पटतं.

आता मित्राच्या दुकानाकडे येऊ. तिथलं पहिलं काम छोटं आहे. प्रत्येक वस्तूच्या पानावर जेसन-एलडी या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात वस्तूचं नाव, ब्रँड, किंमत, चलन, साठा, परतीचे नियम आणि पाठवणीचा खर्च लिहायचा. दुकानाच्या पानावर पत्ता, वेळा आणि नकाशावरची जागा लिहायची. गूगलच्या मोफत चाचणी साधनात तपासायचं आणि सर्च कन्सोलमध्ये चुका बघत राहायच्या. पानावर दिसत नाही ते मार्कअपमध्ये (यंत्रासाठी लिहिलेल्या या नोंदीत) घालायचं नाही, आणि ग्राहकांच्या मानांकनाचे खोटे तारे तर अजिबात नाहीत, त्यावर कारवाई होते. बस्स. याहून जास्त आश्वासन गिऱ्हाइकाला देऊ नका, कारण मार्कअप केलं की निकालात किंमत, तारे अशी सजावट मिळेलच असं गूगल कधीच म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी प्रश्नोत्तरांची सजावट सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित संकेतस्थळांपुरतीच ठेवली. केवळ त्या सजावटीसाठी पानंच्या पानं प्रश्नोत्तरं लिहून घेतलेल्यांचा खर्च तिथेच संपला. दुसऱ्याच्या दारातल्या सोयीवर सगळा धंदा उभा करू नये, एवढं मित्राला नक्की सांगा.

फाउंड्रीची गोष्ट वेगळी आहे, आणि मला त्यावरच जास्त बोलायचं आहे.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, जुन्या फाउंड्रीत पॅटर्नचं, म्हणजे ज्यांवरून वाळूचे साचे बनतात त्या नमुन्यांचं, कोठार असतं. मांडण्यांवर शेकडो पॅटर्न आणि कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणाऱ्या कोअरचे, म्हणजे वाळूच्या गाभ्यांचे, साचे). काही लाकडी, काही ॲल्युमिनियमचे. काहींवर रंगाने क्रमांक टाकलेला, काहींवरचा पुसून गेलेला. ऑफिसात ड्रॉइंगच्या फायली, त्यांच्या रिव्हिजन, परचेसच्या संगणकात पार्ट नंबर, आणि स्टोअर सांभाळणाऱ्या जुन्या माणसाच्या डोक्यात यातल्या कशाचा कशाशी संबंध ते. एके दिवशी इन्क्वायरी येते. परदेशी गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह बॉडी हवी आहे, ड्रॉइंगवर मटेरिअल लिहिलंय जीजी २५. आपल्या नोंदींत तसाच जॉब काही वर्षांपूर्वी झालेला आहे, पण तो 'एफजी २६०' या नावाखाली आहे. त्याच्या आधीचा 'बीड, ग्रेड २५' असा हाताने लिहिलेला. संगणकात 'जीजी २५' टाकलं की काहीच सापडत नाही. मग नव्या पॅटर्नचा खर्च धरून कोटेशन जातं, दर चढा दिसतो आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. किंवा ऑर्डर मिळते आणि नवा पॅटर्न बनतो, जुना तिसऱ्या मांडणीवर धूळ खात असताना. हा प्रकार मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिला आहे. तुमच्या मामांना विचारा, तेही असा एखादा किस्सा सांगतील.

उपाय म्हणून पहिली गोष्ट सगळ्यांना सुचते ती समानार्थी शब्दांची यादी: जीजी २५ म्हणजे एफजी २६० म्हणजे ग्रेड २५. इथे थांबा. तुम्ही शिकलेल्या विषयाची खरी किंमत इथेच आहे.

एफजी २६० हा भारतीय मानक आयएस २१० मधला ग्रेड. त्याची किमान ताणशक्ती २६० मेगापास्कल. जीजी २५ हे जुनं जर्मन नाव. युरोपीय मानक ईएन १५६१ मध्ये त्याच्या जागी ईएन-जीजेएल-२५० आलं, किमान २५०. अमेरिकी एएसटीएम ए४८ मध्ये क्लास ३५ म्हणजे ३५ हजार पौंड प्रति चौरस इंच, साधारण २४१ मेगापास्कल, आणि क्लास ४० म्हणजे साधारण २७६. बाजारात हे ग्रेड एकमेकांच्या जागी सर्रास सांगितले जातात. पण संगणकात तुम्ही 'क्लास ३५ म्हणजेच जीजी २५', 'जीजी २५ म्हणजेच एफजी २६०' आणि 'एफजी २६० म्हणजेच क्लास ४०' अशी साखळी लिहिलीत, तर यंत्र निष्कर्ष काढणार की क्लास ३५ आणि क्लास ४० एकच. २४१ आणि २७६ एक झाले. यंत्राने चूक केली नाही, त्याला जे सांगितलं तेच त्याने शेवटापर्यंत नेलं. उद्या त्या आधारावर कोणी कमी ताकदीचं मटेरिअल पाठवलं तर माल नाकारला जाईल, आणि तो भाग दाब सोसणारा असेल तर त्याहून वाईट काही होऊ शकेल.

म्हणून दोन प्रकारचे संबंध वेगळे ठेवायचे. आउलमधलं 'सेम ॲज' म्हणजे दोन ओळखक्रमांक, वस्तू एकच. एकाबद्दल जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं. आपल्याच पॅटर्नला स्टोअरने दिलेला क्रमांक आणि परचेसने दिलेला क्रमांक, इथे ते चालतं. ग्रेडसाठी ते चालत नाही. शब्दसंग्रह लिहायच्या, २००९ मध्ये मानक झालेल्या स्कॉस या पद्धतीत यासाठी 'क्लोज मॅच' आहे. 'हे त्याच्या जवळचं आहे, शोधताना दोन्ही दाखव' एवढंच तो सांगतो. हा संबंध पुढे पुढे ओढला जात नाही. अ हे ब च्या जवळ, ब हे क च्या जवळ, म्हणून अ हे क च्या जवळ असं तो मानत नाही. स्कॉसमध्ये 'एक्झॅक्ट मॅच'ही आहे, पण तो साखळीने पुढे जातो, तेव्हा ग्रेडच्या कामात त्याला हात लावू नका. 'क्लोज मॅच'ने शोधात जुना जॉब समोर येतो, शेजारी दोन्ही ग्रेडचे आकडे दिसतात, आणि चालेल की नाही हा निर्णय मेटलर्जीचं कळणारा माणूस घेतो. निर्णय माणसाकडे ठेवून त्याला योग्य कागद वेळेत समोर आणून देणं, हे काम या तंत्रज्ञानाने फार चांगलं होतं.

पुढचा टप्पा नोंदींची शिस्त. २०१७ मध्ये शॅकल हे मानक आलं. त्यात नियम लिहिता येतात: प्रत्येक कास्टिंगला मटेरिअल ग्रेड असलाच पाहिजे, वजन किलोतच हवं, ड्रॉइंगला रिव्हिजन हवी, पॅटर्नला कोठारातली जागा हवी. नियम मोडणारी नोंद आत येतानाच अडते. याच्या जोडीला मामांकडे प्रश्न विचारण्याची सोय येते: 'दहा किलोच्या आतले, एसजी आयर्नचे (चिवट प्रकारच्या बिडाचे), दोनपेक्षा जास्त कोअर लागणारे आपण आजवर केलेले सगळे जॉब दाखव, आणि त्यांतल्या कुठल्या जॉबला रिजेक्शन जास्त झालं ते सांग.' हा प्रश्न ईआरपीलाही (कारखान्याचा साठा-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारता येतो, पण पॅटर्नची माहिती एका ठिकाणी, रिजेक्शनची दुसऱ्या ठिकाणी आणि ड्रॉइंग तिसऱ्या ठिकाणी असते. या तिन्हींना जोडणारा एकच ओळखक्रमांक ठरवणं हे ग्राफचं अर्धं काम आहे. कित्येकदा तेवढ्यानेच फायदा दिसायला लागतो आणि ग्राफ डेटाबेस विकत घ्यायची वेळच येत नाही.

आता शोध, त्यातही मराठी शोध. मित्राच्या दुकानात मला खरं काम दिसतं ते इथे.

शोधाचा पाया अजूनही शब्दांची जुळणी हाच आहे. बीएम२५ हे त्याचं नेहमीचं सूत्र, इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च या शोध-सॉफ्टवेअरमध्ये ते आयतं मिळतं. पण मराठीत जुळणीच्या आधी अक्षरं साफ करावी लागतात. 'गुऱ्हाळ' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात युनिकोडमधला खास ऱ आणि त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर 'गुऱ्हाळ' आणि 'गुर्‍हाळ' सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. वर अनेक प्रणाली ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकतात, मग र चा रफार होऊन 'गुर्हाळ' असं काहीतरी उरतं. 'ॲ' चंही तेच. ते एका अक्षराने लिहिता येतं आणि अ वर चंद्र देऊनही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, कारण युनिकोडने त्यांना समान मानलेलंच नाही. 'ॲल्युमिनियम' शोधणाऱ्याला निम्मा माल दिसत नाही, आणि मालकाला वाटतं मागणीच नाही. हे रूपांतर स्वतः लिहून घ्यावं लागतं. मराठी आणि इंग्रजी आकडे एकमेकांत बदलण्याचा नियमही त्यातच घाला.

मग प्रत्यय. 'गूळ' चं सामान्यरूप होताना ऊ ऱ्हस्व होतो: गुळाचा, गुळाची, गुळात. नुसता प्रत्यय कापला तर 'गुळ' उरतो आणि तो 'गूळ'शी जुळत नाही. बरेच लोक मुळातच 'गुळ' लिहितात, तो भाग वेगळा. हिंदीसाठीचा तयार विश्लेषक (शब्दांचे प्रत्यय कापणारा भाग) मराठीवर लावून भागवण्याचा मोह होतो, पण त्याला आपली सामान्यरूपं ठाऊक नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ एक धरणारं शोधापुरतं वेगळं रूप तयार करा, दाखवताना मात्र शुद्ध रूपच दाखवा. रोमन अक्षरांत टाइप करणारे आणखी वेगळे: गुळासाठी कोणी जी-यू-एल लिहितो, कोणी जी-ओ-ओ-एल, आणि रोमनमध्ये ल आणि ळ यांत फरकच राहत नाही. याच्या याद्या कुठे तयार मिळतील अशी आशा धरू नका. दुकानाच्या शोधखिडकीत लोकांनी आजवर काय टाइप केलं तो लॉग उघडा. त्याच्याइतका खरा शब्दकोश दुसरा नाही.

अर्थाचा घोळ त्यापुढचा. 'रवा' हा शब्द शाहू मार्केट यार्डात ऐकला तर तो गुळाचा. 'पाच किलोचा रवा' म्हटलं की आपल्याकडच्या व्यापाऱ्याला दुसरं काही सुचणारच नाही. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी रवा म्हणजे उपमा. दुकानात दोन्ही वस्तू असतील तर शोधयंत्राला कसं कळणार? नुसत्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल बहुतेक वेळा उपम्याकडे जाईल, कारण वेबवर तोच अर्थ जास्त सापडतो. इथे छोटा ग्राफ कामाला येतो. एक वस्तू 'गुळाचा रवा', वर्ग गूळ, वजनं अमुक अमुक. दुसरी वस्तू गव्हाचा रवा, वर्ग धान्यपदार्थ. शोध आला की दोन्ही वर्ग समोर ठेवून गिऱ्हाइकाला एका टिचकीत निवडू द्यायचं. 'पायताण' हाही तसाच शब्द. कोल्हापुरी चपलेचा तो एक प्रकार आहे आणि गावाकडे पायात घालायच्या सगळ्याच वस्तूंचं ते नाव आहे. कापशी, कचकडी, बक्कलनाली, पुकरी ही नावं जाणणारा गिऱ्हाईक थेट नाव टाइप करतो. बाकीचे लिहितात, 'लग्नात घालायला करकर वाजणारी चप्पल'.

या शेवटच्या प्रश्नासाठी व्हेक्टर शोध फार चांगला आहे. वाक्याचं आकड्यांच्या लांब रांगेत रूपांतर होतं आणि अर्थाने जवळची वाक्यं जवळ येतात. २०१३ च्या वर्डटूव्हेक या मॉडेलपासून हे लोकप्रिय झालं, २०१८ मध्ये गूगलचं बर्ट हे भाषा-मॉडेल आलं, आणि २०१९ मध्ये गूगलने ते स्वतःच्या शोधात आणलं. मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाची महाबर्ट वगैरे मॉडेलं खुली आहेत, आणि अनेक भाषांची एकत्र मॉडेलंही आहेत. आपल्या लॉगमधल्या प्रश्नांवर दोन-तीन मॉडेलं चालवून बघा आणि मगच निवडा. दुसऱ्याने काढलेल्या गुणांवर विसंबू नका. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसला पीजीव्हेक्टर हा जोडभाग लावला की छोट्या दुकानाचं काम भागतं, वेगळी महागडी सेवा लागत नाही.

पण व्हेक्टरला आकडे आणि क्रमांक कळत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. आठ नंबरची आणि नऊ नंबरची चप्पल त्याच्या लेखी जवळजवळ एकच. पार्ट नंबरमधला एक आकडा बदलला तरी त्याला तो शेजारीच वाटतो, आणि फाउंड्रीत तो शेजारी म्हणजे वेगळंच कास्टिंग. म्हणून शब्दजुळणीचे आणि व्हेक्टरचे निकाल दोन्ही काढायचे आणि प्रत्येक यादीत निकाल कितवा आला त्यावरून एकत्र करायचे. त्यासाठी २००९ मध्ये मांडलेली रेसिप्रोकल रँक फ्यूजन ही साधी पद्धत अजूनही उत्तम चालते. माप, वजन, ग्रेड, साठा यांची गाळणी मात्र डेटाबेसनेच लावायची.

चॅटबॉट आल्यावर हे जुनं झालं का? माझ्या पाहण्यात उलट याची मागणी वाढली. मोठ्या भाषा-मॉडेलला कंपनीची माहिती नसते. ती शोधून त्याच्यासमोर ठेवावी लागते, २०२० पासून या पद्धतीला रॅग म्हणतात. शोधाने चुकीचा कागद पुढे ठेवला तर मॉडेल चुकीचंच उत्तर देईल, आणि तेही अत्यंत ठामपणे. फाउंड्रीच्या चॅटबॉटला 'जीजी २५ चे जुने जॉब' विचारलं आणि मागे ग्रेडचा ग्राफ नसेल, तर तो 'असे जॉब नाहीत' म्हणेल. मालक त्यावर विश्वास ठेवेल, कारण वाक्य सफाईदार होतं. दुसऱ्या बाजूने मॉडेलने आमचं एक कंटाळवाणं काम हलकं केलं आहे. जुन्या कोटेशनमधून, चाचणी अहवालांतून ग्रेड, वजन, गिऱ्हाईक वेगळं काढून ग्राफमध्ये भरण्याचा पहिला हात ते मारतं, आणि माणूस तपासतो. तपासणी वगळू नका. आणखी एक अडचण खास आपली. जुने मराठी कॅटलॉग आणि दरपत्रकं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. पीडीएफमध्ये मराठी दिसतं, आतला मजकूर मात्र रोमन चिन्हांची खिचडी असते. आधी ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठल्याच मॉडेलला देऊ नका. खर्चाचंही बघा. बऱ्याच मॉडेलांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत तोडतं ते तुकडे) पडतात, आणि बिल टोकनांवर येतं.

निर्यातीच्या बाजूने येणारं काम मला पुढच्या काही वर्षांत सगळ्यात मोठं वाटतं. युरोपीय संघाचा शाश्वत उत्पादनांचा नवा नियम १८ जुलै २०२४ ला लागू झाला. त्यात उत्पादनाचा डिजिटल पासपोर्ट आहे: वस्तूवर कोड, कोडमागे माल कशाचा, कुठून आला, दुरुस्ती कशी करायची याची यंत्राला वाचता येईल अशी नोंद. मोठ्या औद्योगिक आणि विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना, बॅटऱ्यांच्या वेगळ्या नियमाखाली, असाच पासपोर्ट फेब्रुवारी २०२७ पासून लागतो. लोखंड-पोलाद आणि कापड हे विषय पहिल्या कार्ययोजनेत आहेत. कोल्हापूरच्या कास्टिंगवाल्यांनी आणि इचलकरंजीच्या कापडवाल्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. गिऱ्हाईक एक दिवस फॉर्म पाठवेल आणि हीट नंबरपासून (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक) चाचणीपर्यंतची साखळी मागेल. ज्याच्याकडे ती जोडलेली आहे तो लगेच उत्तर देईल.

चपलेचंही तेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा संताप उसळला ते आपण पाहिलं. प्राडाने नंतर प्रेरणा मान्य केली. संताप योग्यच होता, पण त्याच्याबरोबर अस्सल मालाची ओळख वेबवर यंत्राला वाचता येईल अशी असायला हवी. जोडी कोणत्या प्रकारची, कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं आहे का, कोणत्या तालुक्यात, कोणत्या नोंदणीकृत कारागिराने शिवली, हे प्रत्येक जोडीच्या क्यूआर कोडमागे स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दांत, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिता येतं. विकिडेटावर चपलेच्या या प्रकारांच्या मराठी नोंदी भरणं हे तर कोणालाही आज संध्याकाळी सुरू करता येईल. हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण यंत्रं आता माहिती जिथून उचलतात तिथे आपल्या कारागिरांचं नाव नसेल, तर पुढच्या पिढीच्या उत्तरांतही ते नसणार.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. मामांकडे जा आणि फक्त एक उत्पादन-कुटुंब निवडा, व्हॉल्व्ह बॉडी किंवा पंप केसिंग. स्टोअरच्या माणसाजवळ बसून नावांची यादी करा, एक्सेलमध्येच. ओपनरिफाइन हे मोफत साधन घ्या, एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या लिखाणांचे गट ते झटकन करून देतं. मग ओळखक्रमांक ठरवा आणि ग्रेडचे संबंध वर सांगितले तसे लिहा. प्रश्न सात-आठच ठेवा, पण ते मामांनी स्वतः विचारलेले असावेत. अपाचे जेनाचा फ्यूसेकी हा स्पार्कल प्रश्न चालवणारा सर्व्हर फुकट आहे, त्यावर चालवून दाखवा. प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी काढायचं साधन उघडून आधी शंभर वर्गांची ऑन्टॉलॉजी काढत बसू नका. मोठमोठे वर्गवृक्ष सुंदर दिसतात आणि कोणी वापरत नाही. आउलमधली गुंतागुंतीची तर्कयंत्रणा औषधनिर्मिती, वैद्यकीय शब्दसंग्रह अशा ठिकाणी लागते. कास्टिंगच्या धंद्यात मला तिची गरज क्वचितच पडली.

मित्राकडे तीन महिन्यांचा शोध-लॉग मागा. 'काहीच सापडलं नाही' असे निकाल किती, ते मोजा. त्यातल्या किती शोधांची वस्तू प्रत्यक्षात दुकानात होती, ते हाताने तपासा. एवढा एक कागद त्याच्यासमोर ठेवलात तर सिमँटिक हा शब्दही उच्चारावा लागणार नाही. काम झाल्यावर तोच आकडा पुन्हा मोजा आणि मोबदला त्याच्याशी जोडायला तयार असा. फाउंड्रीत मापक वेगळा ठेवा: इन्क्वायरी आल्यापासून जुना पॅटर्न सापडेपर्यंतचा वेळ, आणि आधीच असलेला पॅटर्न पुन्हा बनवण्याचे प्रसंग.

करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या. शब्दसंग्रहाची वार्षिक देखभाल वेगळ्या पैशांची, कारण नवे जॉब, नवी नावं, नवे ग्रेड येतच राहतात आणि कोणी लक्ष दिलं नाही तर शब्दसंग्रह वर्ष-दीड वर्षात निरुपयोगी होतो. आणि सगळी माहिती गिऱ्हाइकाला हवी तेव्हा टर्टल (आरडीएफ लिहायचं एक स्वरूप) किंवा सीएसव्ही फाइलमध्ये मिळेल, ती तुमच्या सर्व्हरवर अडकून राहणार नाही. नोंदीत बदल करण्याचा अधिकार स्टोअरच्या माणसाला द्या, मराठी स्क्रीनवर, त्याच्या नावानिशी. ड्रॉइंगवर काय छापलंय ते इंजिनिअरला वाचता येतं, पण कोठारातला कोणता पॅटर्न कोणत्या दुरुस्तीनंतर कोणत्या जॉबला चालतो हे स्टोअरच्या माणसालाच माहीत असतं, आणि तो निवृत्त व्हायच्या आधी त्याच्याबरोबर बसायला हवं.